हनुवटी बसली, पण अंगवळणी कधी पडली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचे शब्दही आता ठरून गेलेत: "हनुवटीत इम्प्लांट बसवल्यावर किती दिवसांत नॉर्मल वाटायला लागलं?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा रजा टाकायची असते, म्हणून आकडा हवा असतो. रजेपुरता माझा आकडा १० दिवस. अकराव्या दिवशी मी कामावर जाऊन बसलो आणि मला बघून कुणी दचकलं नाही. त्यापुढचं मात्र असं दिवसांत मोजता येत नाही.

माझ्या हनुवटीच्या खालच्या बाजूला, घडीत लपेल असा जेमतेम तीन सेंटिमीटरचा छेद घेतला, हाडावरचं पातळ आवरण उचलून कप्पा केला आणि त्यात सिलिकॉनचा तुकडा सरकवला. (खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊनही हे करतात. मग बाहेर व्रण राहत नाही, पण तोंडातली जखम प्रत्येक घासागणिक जपावी लागते.) हनुवटी पुढे आली ती ६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीहूनही कमी.

तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर ते सहा मिलिमीटर कुठल्या कुठे गेले होते. जबड्याखाली कुणीतरी कणकेचा गोळा चिकटवून वर पट्ट्या मारल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद हातात धरून मी घाबरत होतो. दुखत म्हणाल तर फारसं नव्हतं. ताण मात्र भयंकर, जणू कातडी दोन मापं लहान पडलीय. पालथं झोपायची जन्माची सवय, आणि आता दोन उशांवर डोकं उंच ठेवून उताणं पडायचं. काळंनिळं झालेलं रक्त हळूहळू खाली उतरत गेलं, त्यामुळे टाके काढायला गेलो तेव्हा हनुवटी बरीच स्वच्छ आणि गळा हिरवा-पिवळा असा प्रकार होता.

खरी गंमत खालच्या ओठाची. जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक बारीक छिद्र असतं, तिथून निघणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळवते. कप्पा करताना ती ताणली जाते आणि काही काळ रुसून बसते. पाणी पिताना थेंब ओघळून शर्टावर पडला की मग मला कळायचं. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटलाय की नाही याची खात्री नसायची, आणि हसायला गेलो की खालचा ओठ दारात अडकलेल्या माणसासारखा मध्येच थांबायचा. हनुवटीला हात लावला तर बोटांना हनुवटी कळायची, हनुवटीला बोटं कळायची नाहीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मुंग्या सुरू झाल्या, मधूनच सुई टोचल्यासारखी चमक. तेव्हा मी वैतागलो होतो, पण ती नस जागी होत असल्याची खूण होती.

याच सुमारास मला दुसरा धक्का बसला, आणि त्याबद्दल आधी कुणी बोललं नव्हतं. सूज बरीचशी उतरली आणि मला ती हवीहवीशी वाटायला लागली. पहिल्या आठवड्यात 'हे फार मोठं झालं' म्हणून झोप उडाली होती, दुसऱ्या महिन्यात 'एवढ्यासाठीच केलं का?' म्हणून. हनुवटी तीच, माझं माप रोज बदलत होतं. त्यात डावी बाजू उजवीपेक्षा जाड वाटायची. मी रोज एकाच खिडकीशी उभं राहून दोन्ही बाजूंचे फोटो काढायचो, मोठे करून बघायचो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही, काही महिने जाऊ देत, त्याआधी मी डावं-उजवं ठरवणार नाही. मला राग आला होता. ते बरोबर होते. फोटोंचा नाद मात्र तुम्ही करू नका, निदान रोज नको.

एका गोष्टीत धीर धरायचा नाही. उतरत आलेली सूज अचानक एका बाजूला वाढली, तिथे गरम लागलं, ताप आला किंवा छेदातून पाझरायला लागलं, तर मला किंवा आणखी कुणाला विचारत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता अंगवळणी पडण्याचं. मी बारा वर्षं दाढी ठेवली होती आणि आवड म्हणून ठेवलीय असं स्वतःलाही पटवलं होतं. शस्त्रक्रियेसाठी ती काढली तेव्हा लक्षात आलं की दाढीखेरीज माझ्याकडे आणखी दोन आडोसे होते. एक, बैठकीत तळहातावर हनुवटी टेकवून बसणं. दुसरा, फोटो काढताना खालचा जबडा किंचित पुढे ढकलणं. हे मी करतो हे मला माहीतच नव्हतं. नव्या हनुवटीनिशी काढलेल्या पहिल्या समूहफोटोत मी कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा दिसतो, कारण हनुवटी पुढे आली तरी जबड्याची सवय गेली नव्हती. ती जायला वर्ष लागलं. हेल्मेटचा पट्टा नव्याने बेतायला मात्र पाच मिनिटं पुरली.

लोकांच्या लक्षात येईल याची जी धास्ती होती, तिचं काहीच झालं नाही. "बारीक झालास का?" "चष्मा बदलला?" एवढंच. ज्या गोष्टीने मला पंधराव्या वर्षापासून छळलं, ती इतरांच्या हिशेबात नव्हतीच, याचं मला बरं वाटलं नाही, चक्क अपमान वाटला. ओळखलं ते फक्त बाबांनी. त्यांचीही हनुवटी माझ्या जुन्या हनुवटीसारखीच, मागे सरकलेली. बराच वेळ बघून म्हणाले, "माझी काय वाईट होती रे?" मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनीच विचारलं, "दुखतं का अजून?"

दुखत नाही. आता दीड वर्ष झालं. आवडते का, असंही विचारता तुम्ही. बाजूने बघितली तर आवडते. समोरून आरशात मात्र फरक मला शोधावा लागतो, आणि हल्ली शोधायचं राहूनच जातं. डाव्या कडेला नाण्याएवढी जागा अजून थोडी बधिर आहे. सुरुवातीला तिथे दोनदा कापलं आणि रक्त दिसेपर्यंत कळलं नाही, म्हणून तेवढ्यापुरती दाढी मी आरशात बघूनच करतो, सावकाश.