आईला आत का घेत नाहीत?

"आता कशाला बोंबलतीस, तेव्हा नाही कळलं?" लेबर रूममधनं सिस्टरचा आवाज आला आणि बाहेर बाकावर बसलेल्या आम्ही सगळ्याजणी गप्प झालो. मावसबहिणीच्या डिलिव्हरीसाठी सांगलीतच होते आज. आतली ती पोरगी कोण माहीत नाही, पण तिची आई दाराला चिकटून उभी होती, हातात गरम पाण्याचा थर्मास, तोही आत घेईनात आणि तिलाही.

२०१६ लाच केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एका बाईला आत थांबायची परवानगी दिलीय, २०१७ च्या 'लक्ष्य' या लेबर रूम सुधारायच्या सरकारी कार्यक्रमातही बाळंतिणीला सन्मानानं वागवायचं म्हटलंय. स्टाफवर लोड असतो हे खरंय, रात्रपाळीला तर फारच, पण कंबर चोळायला, धीर द्यायला आईच आत असली तर सिस्टरचंच काम हलकं होईल ना?

तुमच्या गावाकडं सोडतात का कुणाला आत?