सिनेट, न्यायाधीश आणि पाच मिनिटं

इथे अमेरिकेत, ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी परवा जेवणाच्या सुट्टीत फोनवर बोलत होती. आपलं नाव सांगितलं, पिनकोड सांगितला, मग कुणाचं तरी नाव घेऊन म्हणाली, 'माझा विरोध आहे, सिनेटरांना एवढं कळवा.' दोन मिनिटांत फोन संपला आणि ती डब्याकडे वळली. मला वाटलं, कर, बंदुका, विमा, असलं काहीतरी असेल. तर म्हणे, एका न्यायाधीशाची नेमणूक. तीही सुप्रीम कोर्टातली नव्हे, फेडरल म्हणजे केंद्राच्या जिल्हा न्यायालयातली. इथे राष्ट्राध्यक्ष नाव देतात आणि सिनेट त्यावर मतदान करून शिक्कामोर्तब करतं. पलीकडच्या पोराने तिचं म्हणणं नोंदवून घेतलं, आभार मानले, विषय संपला.

त्या फोनने काय होणार, असं मी विचारलंच. 'बहुधा काहीच नाही,' असं म्हणून ती जेवत राहिली. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, 'तुमच्याकडे न्यायाधीश कोण नेमतं?' मी म्हटलं, न्यायाधीशच, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम. तिने भुवया वर केल्या, बोलली काही नाही. त्या भुवया मला झोंबल्या. मग मी उगाचच दहा मिनिटं आपली बाजू लढवली. आमच्याकडे सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश 65 व्या वर्षी घरी जातो, तुमच्यासारखा मरेपर्यंत खुर्चीला चिकटत नाही. आमची वर्तमानपत्रं प्रत्येक न्यायाधीशाच्या नावापुढे 'अमुक पंतप्रधानाने नेमलेले' अशी शेपटी लावत नाहीत. इथे निकालाची बातमी त्या शेपटीशिवाय छापलीच जात नाही. निकाल काय लागला हे कळायच्या आधी त्याला ओबामांनी नेमलं की ट्रम्प यांनी हे कळतं. ती म्हणाली, 'निदान कळतं तरी.'

त्या रात्री मी सिनेटच्या न्यायविषयक समितीच्या सुनावण्या लावून बसलो. तशी सवय मला आधीपासून आहे आणि तिला कारणही आहे. माझ्या बायकोला इथे नोकरी करता येते ती 2015 मध्ये निघालेल्या एका नियमामुळे. एच-फोर व्हिसावाल्या जोडीदारांना काम करायची परवानगी देणारा हा नियम रद्द करावा म्हणून त्याच वर्षी खटला गुदरला गेला आणि तो नऊ वर्षं वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयात आणि वरच्या अपील न्यायालयात वरखाली फिरत राहिला. 2023 मध्ये जिल्हा न्यायालयाने नियम टिकवला, 2024 मध्ये अपील न्यायालयानेही. मधल्या काळात आमच्या घराचा हप्ता त्या दोन इमारतींत कोण बसलंय यावर अवलंबून होता म्हटलं तरी चालेल. मला इथे मत नाही, ग्रीन कार्डाच्या रांगेत अजून कितीतरी लोक पुढे आहेत. तेव्हा 'परदेशात राहून तिथल्या राजकारणात कशाला डोकं घालतोस' असं ज्यांना विचारायचं असेल, त्यांनी आधी हे वाचावं.

सुप्रीम कोर्टाच्या सुनावण्या सगळं जग बघतं. खरी मजा खालच्या न्यायालयांच्या सुनावणीत आहे. चारपाच उमेदवार एका लांब टेबलाशी ओळीने बसतात. उजवा हात वर करून शपथ घेतात. मग एकेक जण मागे बसलेल्या घरच्यांची ओळख करून देतो. टाय घातलेली पोरं जांभया देत असतात, आई डोळे पुसत असते. प्रत्येक सिनेटरला पाच मिनिटं. हवाईच्या मेझी हिरोनो यांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: सज्ञान झाल्यापासून तुम्ही कधी कुणाकडे नको असताना लैंगिक सुखाची मागणी केली किंवा कुणाचा छळ केलात का, आणि अशा प्रकरणात कधी कारवाई किंवा तडजोड झाली आहे का. प्रत्येक उमेदवाराला, प्रत्येक वेळी हेच. उमेदवार 'नाही' म्हणतात आणि गाडी पुढे जाते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अवघडल्यासारखं झालं होतं. आता वाटतं, असू दे.

पण मी ज्या पाच मिनिटांच्या प्रेमात आहे ती डिसेंबर 2017 मधली. लुईझियानाचे जॉन केनेडी, रिपब्लिकन पक्षाचे. समोर ट्रम्प यांनीच निवडलेले उमेदवार. केनेडी यांनी ओळीला विचारलं, न्यायालयात शेवटपर्यंत खटला चालवलेला नाही असं तुमच्यात कुणी आहे का? मॅथ्यू पीटरसन यांनी हात वर केला. मग सुरू झालं. ज्युरीसमोर? नाही. दिवाणी? नाही. फौजदारी? नाही. ज्युरीविना, नुसत्या न्यायाधीशासमोर? नाही. आवाज कुठेही चढलेला नाही, उपहास नाही, दक्षिणेकडचा तो संथ हेल. नंतर कायद्याचे प्रश्न. तज्ज्ञाची साक्ष स्वीकारायची की नाही हे ठरवणारी डॉबर्ट कसोटी काय आहे? अमुक पुरावा ज्युरीसमोर येऊच देऊ नका, असा खटल्याआधी जो अर्ज करतात तो काय असतो? इथल्या कुठल्याही खटले चालवणाऱ्या वकिलाला हे झोपेत विचारा. पीटरसन म्हणाले, आत्ता या टेबलावर बसून मला याची नीट व्याख्या सांगता येणार नाही. माणूस मूर्ख नव्हता, निवडणूक आयोगात कित्येक वर्षं सदस्य होता. पण कोर्टाची पायरी त्याने वकील म्हणून चढलेली नव्हती. काही दिवसांतच त्यांनी नाव मागे घेतलं.

आणि ही जागा कुठली होती? वॉशिंग्टनचं तेच जिल्हा न्यायालय, जिथे माझ्या बायकोच्या नोकरीचा खटला सुरू झाला होता. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने निवडलेल्या माणसाला एक सिनेटर उघड्यावर विचारतो की बाबा रे, तुला हे काम येतं का? मला यापेक्षा जास्त लोकशाही नको.

हेच केनेडी 2023 मध्ये बायडेन यांच्या एका उमेदवार बाईंना विचारत होते, राज्यघटनेचं पाचवं कलम काय सांगतं? म्हणजे घटनादुरुस्तीचं, आपल्याकडचं 368. त्यांना आठवेना. दुसरं? तेही आठवेना. त्या तेव्हा एका राज्यात न्यायाधीश म्हणून काम करत होत्या! त्याही पुढे फेडरल न्यायाधीश झाल्या नाहीत.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबांची सगळी वकिली तालुका कोर्टात गेली. त्यांना ते अजिबात आवडलं नाही. 'अरे, न्यायासनावर बसणाऱ्या माणसाची अशी चव्हाट्यावर झडती? उद्या पक्षकार त्याच्यापुढे उभा राहील तेव्हा त्याला काय दिसेल? टीव्हीवर घाम पुसणारा माणूस. आपले गजेंद्रगडकर, साताऱ्यात जन्मलेला माणूस, 1964 ला सरन्यायाधीश झाले. त्यांना कुणी पाच मिनिटांत व्याख्या विचारल्या होत्या?'

मी म्हटलं, 'बाबा, तेव्हा कॉलेजियमही नव्हतं.'

'तेच म्हणतो मी!'

आता यात 'तेच' काय होतं ते मला कळलं नाही, पण बाबांचा मुद्दा पुढे आला तो खरा होता. म्हणाले, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व्हायचं तर एमपीएससीची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, सगळं पार करावं लागतं. अमेरिकेत आहे का अशी परीक्षा? नाही. फेडरल न्यायाधीश व्हायला इथल्या घटनेत काहीच पात्रता लिहिलेली नाही. कायद्याची पदवीसुद्धा नाही. म्हणून तर पीटरसन यांच्यासारखा माणूस त्या टेबलापर्यंत पोचतो. मी लगेच म्हटलं, म्हणजे आपण सगळ्यात खालच्या न्यायाधीशाची तीनदा परीक्षा घेतो आणि सगळ्यात वरच्याला एकही प्रश्न विचारत नाही, असंच ना? बाबा म्हणाले, 'वरचा तीस वर्षं सगळ्या बारसमोर उघडा असतो, त्याला वेगळं काय विचारायचं?' बाररूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला यावर उत्तर देणं अवघड आहे. पण बाररूमला जे माहीत असतं ते मला, तुम्हाला, अशिलाला कुठे माहीत असतं?

आणि आपली संसद! घटनेच्या कलम 121 प्रमाणे न्यायाधीशाच्या कामातल्या वर्तनावर संसदेत चर्चाच करता येत नाही. अपवाद एकच, त्याला काढून टाकायचा प्रस्ताव. म्हणजे येताना लोकप्रतिनिधींनी तोंड उघडायचं नाही, घालवताना मात्र भाषणं. त्या भाषणांचंही काय झालं? मे 1993 मध्ये न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आला, सत्ताधारी काँग्रेसचे खासदार मतदानाला तटस्थ राहिले आणि प्रस्ताव पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने नेमणुकांची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. 2014 मध्ये संसदेने ती परत मागितली, तर 2015 मध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदाच रद्द केला. कॉलेजियमचे ठराव 2017 पासून संकेतस्थळावर दिसू लागले, हे मान्य. पण ठराव वाचणं आणि उत्तर देताना माणसाचा चेहरा बघणं यात फरक आहे.

आता इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, हा गेला अमेरिकेचा होऊन. थांबा.

सुप्रीम कोर्टाच्या पातळीवर हीच सुनावणी निव्वळ नाटक होते. 1993 मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी पायंडा पाडला: पुढे माझ्यासमोर येऊ शकेल अशा प्रश्नावर इशारा नाही, अंदाज नाही. तेव्हापासून प्रत्येक जण त्याच आडोशाला उभा राहतो. गर्भपाताचा हक्क देणाऱ्या जुन्या निकालाबद्दल विचारा, 'तो न्यायालयाचा महत्त्वाचा पूर्वनिर्णय आहे' असं सांगतात आणि 2022 मध्ये तेच लोक तो पूर्वनिर्णय उलथवून टाकतात. एमी कोनी बॅरेट यांना एका सिनेटरने विचारलं, तुमच्यासमोर टिपणं कसली आहेत? त्यांनी वही उचलून दाखवली. कोरी. सगळे कौतुकाने हसले. मला वाटलं, बरोबर आहे, काही सांगायचंच नसेल तर टिपणं कशाला लागतील?

त्याहून वाईट तारखांचा खेळ. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया गेले. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅककॉनेल म्हणाले, निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना ठरवू दे. 293 दिवस ते नाव पडून राहिलं; मतदान सोडा, सुनावणीसुद्धा झाली नाही. चार वर्षांनी, सप्टेंबर 2020 मध्ये, गिन्सबर्ग गेल्या. निवडणूक दीड महिन्यावर. तेच मॅककॉनेल, तेच बहुमत. 26 सप्टेंबरला बॅरेट यांचं नाव आलं, 26 ऑक्टोबरला 52 विरुद्ध 48 मतांनी शिक्कामोर्तब. तारीख पे तारीख आपल्याकडे निदान खटल्यांना मिळते.

पूर्वी असं नव्हतं. 1986 मध्ये स्कॅलिया 98 विरुद्ध शून्य मतांनी निवडून आले, आणि ते काही मवाळ गृहस्थ नव्हते. चंदीगडला जन्मलेले श्री श्रीनिवासन मे 2013 मध्ये अपील न्यायालयावर गेले ते 97 विरुद्ध शून्य. त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांनी खालच्या न्यायालयांसाठी 60 मतांची अट मोडली, 2017 मध्ये रिपब्लिकनांनी सुप्रीम कोर्टासाठीही मोडली. आता साधं बहुमत पुरतं, त्यामुळे दुसऱ्या पक्षाला पटेल असा माणूस द्यायची गरजच उरली नाही. अमूल थापर 2017 मध्ये 52 विरुद्ध 44, नेओमी राव 2019 मध्ये 53 विरुद्ध 46. आपली माणसं तीच, आकडे बघा. आणि चर्चा? जिल्हा न्यायाधीशाच्या नावावर 2019 पासून शेवटची चर्चा जास्तीत जास्त दोन तास. तीही रिकाम्या बाकांसमोर, बऱ्याचदा भलत्याच विषयावर. मग घंटा वाजते, सिनेटर एकेक करून डोकावतात, कारकुनाच्या टेबलाकडे अंगठा वर किंवा खाली करतात आणि निघून जातात. आयुष्यभराची नेमणूक!

इथे मला बाबासाहेबांची आठवण येते. 24 मे 1949 ला घटना समितीत हाच विषय होता. प्रत्येक नेमणुकीला विधिमंडळाची संमती घ्यायची ही अमेरिकी पद्धत किचकट आहे आणि तिच्यात राजकीय दबाव शिरण्याची शक्यता आहे, असं ते तेव्हाच म्हणाले होते. हे मी सहकारी बाईंना सांगितलं, अगदी छाती फुगवून. सांगितलं नाही ते पुढचं वाक्य. सरन्यायाधीशांच्या हातात नकाराधिकार देणंही धोक्याचं आहे, कारण तोही शेवटी आपल्यासारखाच राग-लोभ असलेला माणूस, असंही ते त्याच भाषणात म्हणाले होते. परक्या माणसासमोर घरातलं सगळंच सांगायचं नसतं.

बाबांशी वाद अजून चालू आहे. माझी मागणी फार मोठी नाही: मतदान नको, पक्ष नको, खासदारांचे अंगठे नकोत, हायकोर्टात जाणाऱ्या वकिलाला उघड्या दालनात तासभर कायद्याचे प्रश्न विचारा आणि ते रेकॉर्डिंग लोकांना बघू द्या. बाबा म्हणतात, प्रश्न विचारणारे कोण नेमणार? आमचा फोन दरवेळी इथेच येऊन अडकतो.

कुणाला बघायचंच असेल तर या सुनावण्या बहुधा बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास असतात, उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. समितीच्या संकेतस्थळावर जुन्याही सापडतील. सुरुवातीची स्वागताची भाषणं खुशाल पुढे ढकला, आणि प्रश्न विचारायला केनेडी आले की आवाज वाढवा.