उलटा हात

गेल्या जूनमधला एक रविवार आणि त्याला लागून आलेला सोमवार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. सोमवारी माझं दुकान बंद असतं. तरी त्या दिवशी सकाळी मी केईएम रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाबाहेर बाकावर बसलो होतो आणि शेजारी मानेला पंचा लावून २२ वर्षांचा एक पोरगा होता. त्याच्या मानेचं काय झालंय ते दिसत होतं. ते कुणाच्या हातचं आहे, हे पुरतं कळायला अजून तासभर होता.

लालबागला आमचं दुकान वडिलांपासूनचं. तीन खुर्च्या, एक कारागीर, आरशावर संत सेना महाराजांची तसबीर. केस आता कुणीही कापतो, मशीन फिरवलं की झालं. दाढीला मात्र हात लागतो. वडिलांनी मला पहिलं वर्षभर नुसता फेस करायला लावला, मग फुग्यावर साबण लावून वस्तरा दिला. ते म्हणायचे, गिऱ्हाईक पायरी उतरलं की गालावरून उलटा हात फिरवतं, तिथे खरखर लागली तर ते परत येत नाही. या एका वाक्यावर मी ३० वर्षं धंदा केला.

दाढीचे दोन हात असतात. पहिला सुलटा, वरून खाली. मग पुन्हा फेस लावून दुसरा, खालून वर. त्यालाच गिऱ्हाईक ‘डबल मारा’ म्हणतं. उलट्या हाताला डाव्या अंगठ्यानं कातडी ताणावी लागते. ती जितकी ताणाल तितका केस मुळाशी कापला जातो. माझा हा डावा अंगठा लालबागमध्ये प्रसिद्ध आहे, हे मी अभिमानानं सांगायचो. लग्नाच्या मोसमात नवरदेव परळ-शिवडीहून यायचे ते त्यासाठीच.

हा पोरगा आमच्या मागच्याच चाळीतला. हॉटेलचा कोर्स करून शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनला लागला. शिफ्ट सुरू होण्याआधी तिथे सगळ्यांना रांगेत उभं करून हनुवटी वर करायला सांगतात. हिरवट झाक दिसली तरी परत पाठवतात आणि अर्ध्या दिवसाचा पगार जातो. म्हणून हा रोज सकाळी घरी पाच पात्यांच्या रेझरनं दाढी करायचा आणि दर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचा. ‘काका, डबल.’ आठ महिने हे चाललं.

दोन-तीन महिन्यांतच जबड्याखाली मोहरीएवढे पुटकुळे दिसायला लागले. मी म्हटलं, उष्णता झालीय, सब्जा पी. आमच्याकडे हेच सांगतात. वडीलही हेच सांगायचे. पुढे पुटकुळे कंठमण्यापर्यंत उतरले. वरून कडक कॉलर, टाय आणि लोकलमधला घाम. मग त्यानं मेडिकलमधून एक ट्यूब आणली, न विचारता, दहापैकी नऊ जण आणतात तशी. चार दिवसांत मान साफ. दाखवायला आला तेव्हा मलाही आनंद झाला आणि त्या आनंदात मी पुन्हा डबल मारली. ट्यूब थांबल्यावर सगळं दुपटीनं परत आलं, लालबुंद, काहींत पू.

त्या रविवारी रात्री नऊच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर तो आला. गळ्याला रुमाल बांधलेला.

‘काका, मंगळवारी कन्फर्मेशनची मीटिंग आहे. एकदम गुळगुळीत करा.’

रुमाल सोडला आणि माझा हात थांबला. वडील पेपर वाचायला वापरायचे ते भिंग खणात होतं, ते काढलं, त्याची मान ट्यूबलाइटखाली वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाची मान नीट पाहिली. एका पुटकुळीवर काळी रेघ होती, पण ती सरळ नव्हती. केस कातडीतून बाहेर आला होता, वळला होता आणि दोन मिलिमीटरवर पुन्हा कातडीत घुसला होता. ब्लाउजच्या हुकाला दोऱ्याचं घर करतात ना, अगदी तसा. शेजारच्या दोन ठिकाणी केस बाहेर आलेलाच नव्हता. कातडीखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळून बसला होता. डाव्या कानाखाली तर सगळा भोवरा होता.

हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. डोक्यावर जसा भोवरा असतो तसा मानेवरही असतो. गालावरचे केस बहुतेकांचे खाली वाढतात, पण गळ्याच्या मुळाशी ते वर येतात, कुणाचे आडवे जातात, आणि डावी बाजू उजवीसारखी असेलच असं नाही. त्या पोराच्या डाव्या बाजूला मी ज्याला सुलटा हात समजत होतो, तोही उलटाच होता. म्हणजे आठ महिने त्या जागी मी दोन्ही वेळा उलटा वस्तरा चालवला होता.

मी म्हटलं, ‘बाळा, यावर आज पत्ती लावणार नाही मी.’

त्यानं आधी विनवणी केली. मग आवाज चढवला. ‘तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, काका.’ मी काही बोललो नाही. तो खुर्चीतून उठला आणि छत्री न घेताच पावसात निघून गेला.

साडेदहाला मी शटर ओढत होतो तेव्हा तो परत आला. कॉलरवर रक्त. मोठ्या रस्त्यावरच्या एका एसी सलूनमध्ये गेला होता. तिथल्या पोरानं पुटकुळ्यांवरून सरळ वस्तरा ओढला होता, त्यांची तोंडं उडाली होती, वर चिमट्यानं चार-पाच केस उपटले होते आणि शेवटी झोंबणारं थंड लोशन थापलं होतं. मला त्या पोराचा राग येतो, पण त्याला शिकवणाऱ्यांचा जास्त येतो. तीन महिन्यांत फेशियल, कलर, स्मूदनिंग सगळं शिकवतात, आणि केस कुठल्या दिशेला वाढतो हे बोटानं चाचपायला कुणी शिकवत नाही. अर्थात मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

मी पाणी उकळून निववलं, स्वच्छ कापडानं मान टिपली. तुरटीचा खडा हातात घेतला आणि परत ठेवला. तुरटी रक्त थांबवते, कातडी आवळते, जंतूंनाही थोडं आवरते, सगळं खरं. पण तोच ओला खडा दिवसभरात ३० मानांवरून फिरलेला असतो. आम्ही पत्तीचे दोन तुकडे करून प्रत्येकाला नवा तुकडा लावतो आणि त्याची फुशारकी मारतो, आणि तुरटी मात्र सगळ्यांना एकच! त्या रात्री हे पहिल्यांदा मनात आलं.

सकाळी केसपेपर काढून आत गेलो. डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मान बघून त्यांनी विचारलं, ‘दाढी घरी करतोस की सलूनमध्ये?’ पोरानं खाली पाहिलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

‘मी करतो, मॅडम. मी वारीक आहे.’

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी मला जवळ बोलावलं. मोबाइलला जोडलेलं एक छोटं भिंग मानेवर टेकवलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. रात्री मी अंदाजानं पाहिलं होतं ते तिथे बोटाएवढं मोठं दिसत होतं. केसाचं टोक तिरपं कापलेलं, सुईसारखं.

त्या म्हणाल्या, ‘काका, तुमचा हात चांगला आहे. म्हणूनच हे इतकं झालंय.’

मग त्यांनी समजावलं. कातडी ताणून उलटा वस्तरा मारला की केस कातडीच्या पातळीच्याही खाली कापला जातो. ताण सोडला की टोक आत जातं. केस सरळ असेल तर तो पुन्हा सरळ वर येतो. कुरळा असेल तर वाढता वाढता आतल्या आतच मुळाच्या भिंतीला भोक पाडतो, किंवा बाहेर येऊन वळून पुन्हा घुसतो. शरीराला तो काट्यासारखा परका वाटतो आणि तिथे सूज येते. पाच पात्यांचा रेझर घरी तेच करतो. पहिलं पातं केस ओढून वर काढतं, मागचं कापतं, आणि उरलेला केस कातडीखाली मागे सरकतो. उपटलेला केसही नव्यानं येताना तसाच वाट चुकतो. याला ‘स्युडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ म्हणतात. मी ते चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. कुरळ्या केसांच्या लोकांत हे फार. अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीय जवानांना इतका त्रास होतो की तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर दाढी न करण्याची सवलत अनेक वर्षं मिळत असे, असंही त्यांनी सांगितलं. उष्णतेचा आणि सब्ज्याचा विषय मी काढलाच नाही.

ट्यूब बघून त्या मात्र चिडल्या. तिच्यात स्टेरॉइड होतं. सूज दाबतं म्हणून चार दिवस मान साफ दिसते, आणि लावत राहिलं तर कातडी पातळ होत जाते. नुसत्या मागणीवर असली ट्यूब काउंटरवरून मिळते, याला काय म्हणायचं?

महिनाभर पत्ती बंद, रेझर बंद. दाढी दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला सेंटिमीटरभर तरी. केस तेवढा लांब झाला की त्याच्याच ताणानं अडकलेलं टोक बहुतेक वेळा बाहेर उसळतं. उकरायचं नाही, चिमटा लावायचा नाही. कोमट पाण्याचं फडकं दोन वेळा, रात्री लावायला एक क्रीम, पुवाच्या पुटकुळ्यांना वेगळं जेल. आणि हॉटेलला द्यायला एक पत्र.

ते पत्र तिथल्या सुपरवायझरनं वाचून परत दिलं. नियम म्हणजे नियम. पोराला मागे लॉन्ड्रीच्या स्टोअरला टाकलं आणि कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं. माझ्याकडे भायखळ्याचे अग्निशमन दलातले एक साहेब येतात. त्यांना रोज तुळतुळीत लागतं, कारण दाढीच्या खुंटांनी श्वासाच्या मास्कची कड चेहऱ्याला नीट बसत नाही आणि धूर आत शिरतो. त्या नियमापुढे मी हात जोडतो. पण रिसेप्शनवरच्या पोराच्या एक मिलिमीटर खुंटांनी कुणाचा श्वास अडतो?

त्यानंतर दुकानात मी बरंच बदललं. थंड पाण्याचा फवारा बंद, गरम पाण्यातला नॅपकिन दोन-तीन मिनिटं. केस पाणी पितो तेव्हाच मऊ होतो, आणि मऊ केसाला पत्तीचा दाब लागत नाही. तुरटी कुटून, पाण्यात विरघळवून बाटलीत भरली. मानेला फक्त सुलटा हात, तोही कातडी न ताणता. डावा अंगठा मी अजून मुठीत दाबून धरतो, नाहीतर तो आपोआप जातो. आणि २०० पानी वही केली. ज्याची मान त्रास देते त्याचा नुसता गळा रेघेनं काढतो आणि बोटांनी चाचपून केस जातात तसे बाण काढतो. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जातं तो सुलटा, अडखळतं तो उलटा. आजवर ४१ गळे झाले. दोन एकसारखे नाहीत.

काही जुनी गिऱ्हाइकं गेली. ‘हात राहिला नाही आता,’ असं एकानं माझ्या कारागिराला सांगितलं. ते सोसवतं. सोसत नाही ते वेगळंच आहे. वडिलांच्या काळी दुकानात एक पोस्टमन यायचे, कोकणातले, दाट कुरळ्या केसांचे. त्यांची मान कायम अशीच असायची, पुढे तिथे जाड गाठी झाल्या. वडील त्यांना प्रेमानं डबल मारायचे, तुरटी जास्त चोळायचे आणि सब्जा सांगायचे. वडील गेल्यावर मीही तेच केलं. ते रविवारी सकाळी पहिल्या नंबराला यायचे आणि मान वर करताना डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, त्यांना सुख वाटतंय. आता ते हयात नाहीत. विचारायचं कुणाला?

पोराची मान बरीच निवळली. मोठ्या साहेबांनी ते पत्र मानलं आणि तो पुन्हा रिसेप्शनला आला. डाव्या कानाखाली दोन काळे डाग आणि एक बारीक टणक गाठ राहिली आहे. मॅडम म्हणाल्या, तिच्यावर नजर ठेवा, वाढली तर लगेच या. मी दर खेपेला ती बोटानं बघतो. आजवर वाढलेली नाही.

परवा तो आला. वही उघडून पान क्रमांक एक काढलं. भोवऱ्यापासून सुरुवात केली, ट्रिमरनं, एक मिलिमीटर ठेवून. गाल सिंगल. नॅपकिन, तुरटीचं पाणी, झालं. पायरी उतरताना त्यानं सवयीनं मानेवरून उलटा हात फिरवला. खरखर लागली असणार. तो तसाच क्षणभर थांबला, मग मागे वळून म्हणाला, ‘काका, गुरुवारी सातला येतो,’ आणि स्टेशनकडे गेला.