तांबडा रस्सा सोडला तरी आंबट पाणी वर येतंय? मग हे वाचा

कोल्हापुरात कुणाच्या छातीत जळजळतंय म्हटलं की पहिला आरोप तांबड्या रश्श्यावर आणि दुसरा मिसळीवर. माझ्या दादालाही सगळ्यांनी हेच सांगितलं, रस्सा सोड, चहा कमी कर, रात्री लवकर जेव. त्यानं सगळं केलं हो, गुळाच्या मार्केटमधून घरी यायला उशीर होतो म्हणून डबा दुकानात नेऊन दिवेलागणीलाच जेवायला लागला, तरी आडवा झाला की आंबट पाणी घशापर्यंत यायचं आणि मग पहाटेपर्यंत खोकला. वहिनी त्याला आधी छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, दम्याचं काहीतरी असेल म्हणून. शेवटी त्याचं ऑपरेशन झालं, त्याबद्दलच हे सांगायचंय.

पित्ताच्या गोळीनं, म्हणजे पॅन्टोप्राझोल वगैरे, त्याची जळजळ बरीच कमी झाली होती पण पाणी वर यायचं थांबलं नाही, आणि मला वाटतं हा फरकच लोकांना कुणी नीट समजावत नाही. गोळी जठरात ॲसिड तयार होणं कमी करते, बास. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथं ३-४ सेंटीमीटरचा एक घट्ट स्नायू असतो, तो ढिला पडला की पोटातलं वर यायचं ते येतच राहतं, फक्त कमी आंबट होऊन येतं. दादाला त्यात हायटस हर्नियाही निघाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला अन्ननलिकेपुरतं जे भोक असतं ते रुंद झालेलं आणि त्यातून जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला. आता यात रश्श्याचा काय दोष सांगा. तिखटानं त्रास वाढतो हे खरं, पण भोक काही रश्श्यानं पडत नाही.

ऑपरेशन नेमकं हेच दुरुस्त करतं. जठर खाली ओढून घेतात, पडद्यातलं भोक टाके घालून लहान करतात आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवतात. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. रुडॉल्फ निसेन या सर्जननी १९५० च्या दशकात ही पद्धत आणली, तेव्हा पोट उघडावं लागायचं, १९९१ पासून दुर्बिणीतून व्हायला लागली. पोटावर साधारण पाच छोटी छिद्रं, आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात आणि टीव्हीसारख्या स्क्रीनवर बघत काम करतात. पूर्ण भूल लागते पण बहुतेक लोक एकदोन दिवसांत घरी येतात. दादाचा पोटापेक्षा खांदाच जास्त दुखत होता, आम्ही घाबरलो, पण तो त्रास त्या गॅसमुळं होतो आणि आपोआप जातो.

आता मला खरं सांगायचंय ते आधीच्या तपासण्यांबद्दल. नुसत्या एन्डोस्कोपीवर, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आत बघतात तेवढ्यावर, कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा आणि विचारा. मॅनोमेट्री पाहिजे, म्हणजे अन्ननलिका घास खाली ढकलतीय का ते मोजायचं, कारण तिचा जोर कमी असेल आणि पूर्ण ३६० अंशाचा वेढा घातला तर घास अडकायला लागेल, अशांना बहुतेक वेळा २७० अंशाचा अर्धवट वेढा घालतात. आणि २४ तासांची पीएच तपासणी, म्हणजे ॲसिड किती वर येतंय ते मोजायचं, नाकातून बारीक नळी घालून. दादाला ती नळी नको नको झाली होती, चिडला पण, तरी वहिनीनं आग्रह धरला आणि बरं झालं धरला, कारण ॲसिड खरंच वर येतंय हे आकड्यात दिसल्यावर मग कुणाच्याच मनात शंका राहिली नाही. जळजळ दुसऱ्याच कारणानं असेल तर एवढं ऑपरेशन करूनही उपयोग नाही ना.

नंतरचं पण ऐका. पहिले काही आठवडे पेज, मुगाचं पातळ वरण, मऊ भात, घास बारीक चावून. भाकरी, ब्रेड, सोडा बंद. ढेकर नीट येत नाही, पोट फुगल्यासारखं वाटतं, उलटी करणंही अवघड जातं. हे बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं, सगळ्यांचं नाही.

आणि गोळीनं ज्याचं पूर्ण भागतंय त्यानं उगाच ऑपरेशनच्या मागं लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. युरोपात लोटस नावाच्या अभ्यासात गोळीनं आराम पडणारेच रुग्ण घेतले होते, ५ वर्षांनी गोळीवाल्यांपैकी ९२ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांपैकी ८५ टक्के बरे होते, म्हणजे दोन्ही चांगलेच. शिवाय काहींना ऑपरेशननंतर काही वर्षांनी परत गोळी सुरू करावी लागते. दादासारखं पाणीच वर येत असेल, मोठा हर्निया असेल किंवा गोळी सोसत नसेल तर मात्र गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटविकाराच्या डॉक्टरांशी आणि सर्जनशी, दोघांशीही बोला.

घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, यातलं काही असेल तर मेडिकलमधून गोळ्यांची आणखी एक पट्टी आणू नका, आधी एन्डोस्कोपी करून घ्या.