मशीन ऑनलाइन आणताना काय काय आडवं आलं (भोसरी, १४ मशीन)

मशीन कधी चालू, कधी बंद आणि किती जॉब (म्हणजे पार्ट) निघाले हा डेटा हाताने न लिहिता सेन्सरवरून थेट स्क्रीनवर कसा आणला, हे बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं शॉप आहे, ९ सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारी लेथ), २ व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) आणि ३ जुने ट्रॉब (बिनकॉम्प्युटरची ऑटोमॅटिक लेथ), काम सगळं ऑटोमोबाईलचं, बुश, पिन, स्पेसर वगैरे. मी प्रॉडक्शन बघतो. कस्टमरचं ऑडिट आलं की दरवेळी तोच प्रश्न, डेटा अजून हाताने का लिहिता, आणि शेठ दरवेळी 'करतोय करतोय' म्हणून वेळ मारून न्यायचे. इंडस्ट्री ४.० (मशीन नेटवर्कला जोडून डेटावर कारखाना चालवणं) हा शब्द २०११ ला जर्मनीत हॅनोव्हरच्या प्रदर्शनात निघाला, तो भोसरीत येऊन माझ्या गळ्यात पडायला एवढी वर्षं लागली.

आधी पैशाचं सांगतो. कोटेशनमध्ये हार्डवेअर एकदा आणि वर मशीनमागे दरवर्षी सबस्क्रिप्शन. शेठ म्हणाले, "अरे मशीन घेतलं तर त्यातून जॉब पडतात, ह्यातून काय पडणार?" ह्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. बरं पैसा नाही असं नाही, तो अडकलेला असतो. छोट्या उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत द्यायचं असा २००६ चा कायदा आहे, पण मोठ्या कस्टमरला नोटीस पाठवून पुढची ऑर्डर कोण घालवून घेईल? सरकारी योजना पण बघितल्या, झेड (झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट, दर्जाचं सरकारी सर्टिफिकेट) मध्ये स्मॉल कंपनीला सर्टिफिकेशनच्या खर्चात ६० टक्के सूट होती, पण आमचं घोडं अडलं होतं सेन्सरच्या खर्चापाशी. शेवटी ४ मशीनवर ट्रायल एवढंच कबूल झालं.

सगळे म्हणत होते जुनी मशीन त्रास देतील. झालं उलटं. ट्रॉबला कंट्रोलरच नाही, सगळं कॅमवर (फिरणाऱ्या उंचसखल चकत्यांवर) चालतं, आणि कॅमशाफ्टचा एक फेरा म्हणजे एक जॉब, त्यामुळे तिथे एक साधा प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की सिग्नल देणारा) लावला की काउंट सुरू, खर्च काहीशे रुपये. सगळ्यात जास्त रडवलं नव्या व्हीएमसीने. इथरनेट पोर्ट समोर दिसतोय पण डेटा द्यायचं ऑप्शन कंपनीतूनच लॉक, ते उघडायचे वेगळे पैसे. जुन्या सीएनसींना नुसता प्रोग्राम टाकायचा आरएस-२३२ पोर्ट, म्हणून तिथे करंट मोजायला सीटी (केबलभोवती बसणारे करंट ट्रान्सफॉर्मर) लावले. व्हेंडरच्या पोराने ते मेन इनकमरवर (अख्ख्या मशीनच्या मुख्य सप्लायवर) लावले, मग मशीन उभं असलं तरी नुसत्या कूलंट पंपावर स्क्रीन हिरवी, म्हणजे मशीन चालू! ते ड्राइव्हच्या (मोटर चालवणाऱ्या युनिटच्या) इनपुटवर घेतले तेव्हा कुठे जमलं. वेल्डिंग सुरू झालं की रीडिंग नाचायची, त्याला शिल्डेड केबल आणि नीट अर्थिंग. लाईट गेली की राउटर परत उठायचा नाही, त्याला छोटा यूपीएस. आणि उंदीर, पण तो विषय सोडा.

आता ऑपरेटर. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं, आमच्या एका सीनियर काकांनी सरळ विचारलं, "सर, हे लावलं की टार्गेट वाढणार ना?" प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. आमच्याकडे टार्गेटच्या वर जेवढे जॉब काढाल त्यावर इन्सेंटिव्ह आहे. चांगला ऑपरेटर फीड ओव्हरराइड (कटिंगचा वेग कमी-जास्त करायचं बटण) १२० टक्क्यांवर टाकून सकाळीच थोडे जॉब पुढे काढून ठेवतो आणि मग निवांत चहा पितो, आणि खरा सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) किती हे फक्त त्यालाच माहीत असतं. ते आम्ही स्क्रीनवर आणणार म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखंच की.

मग सुरू झाली गंमत. चहाच्या वेळेत मशीन हिरवंगार, काउंट वाढतोय आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावर तेवढे जॉबच येत नाहीत. बघतो तर चक (जॉब पकडणारा भाग) रिकामा, दार बंद आणि प्रोग्राम हवेत फिरतोय. शेठ भडकले, एकाला काढा म्हणाले. मी म्हटलं काढून काय होणार, उद्या दुसरा हेच करेल, त्यापेक्षा टार्गेट वाढणार नाही हे लिहून द्या. कुरकुर केली पण सही केली, एक वर्ष ह्या डेटावरून टार्गेट बदलणार नाही अशी नोटीस मराठी आणि हिंदीत बोर्डावर लागली. हवेतली सायकल लगेच नाही पण हळूहळू बंद झाली.

मशीन का थांबलं ते कारण ऑपरेटरने भरायचं स्क्रीनवर होतं, इंग्लिशमध्ये, लांबलचक लिस्ट, आणि हात कूलंटने भरलेले, टचस्क्रीन कशी चालणार? सगळे पहिलं जे दिसेल ते दाबून मोकळे व्हायचे. ती स्क्रीन काढून पॅनलच्या बाजूला ६ पुशबटणांचा डबा लावला, सेटिंग, इन्सर्ट (कटिंगची टीप बदलणं), मटेरियल नाही, इन्स्पेक्शन, मेंटेनन्स, लाईट. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधली सगळ्यात हुशार वस्तू हा डबा.

आणि खरा डेटा आला तेव्हा खरा विरोध सुरू झाला, तो पण ऑफिसमधून. ओईई, म्हणजे मशीनचा खरा वापर किती ते सांगणारा आकडा, हा अव्हेलेबिलिटी (वेळेपैकी किती चाललं), परफॉर्मन्स (किती वेगाने) आणि क्वालिटी (किती जॉब चांगले) ह्यांच्या टक्क्यांचा गुणाकार, ९० गुणिले ९५ गुणिले ९९.९ केलं की ८५ टक्के येतं, ते वर्ल्ड क्लास म्हणतात. आम्ही पन्नाशीच्या आसपास. आणि सगळ्यात जास्त लाल, म्हणजे मशीन थांबलेलं, कशात, तर इन्स्पेक्शनमध्ये! सकाळच्या शिफ्टला सगळ्या मशीनची सेटिंग एकदम लागते, पहिला जॉब पास करायला क्यूसीचा (क्वालिटी तपासणीचा) माणूस एक, लाइन लावून ऑपरेटर उभे. त्याच्या खालोखाल मटेरियल नाही. इतकी वर्षं मीटिंगमध्ये ऑपरेटर कामचोर म्हणून विषय संपायचा, आता एसीत बसणारे म्हणायला लागले सिस्टमच चुकीची आहे. ऑपरेटर नोटिशीनंतर ऐकले, हे लोक अजून ऐकत नाहीत. सेटिंगच्या वेळा पुढेमागे केल्या, मशीनवरच स्नॅप गेज (जॉबचं माप पटकन तपासायचं साधन) दिले, तेव्हा लाल कमी झालं आणि त्या हिशोबावर शेठनी बाकीच्या मशीनना होकार दिला.

तेवढ्यात कस्टमर म्हणाला आम्हाला पण लॉगिन द्या. शेठनी साफ नाही सांगितलं, आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. ५० टक्के बघितलं की पर्चेसवाला दुसऱ्या दिवशी म्हणणार तुमची कपॅसिटी रिकामी आहे, रेट कमी करा. त्यांना लॉटची ट्रेसेबिलिटी (कोणता लॉट कधी, कुठल्या मशीनवर झाला) देतो, बाकी काही नाही.

करार करताना एक गोष्ट मात्र भांडून लिहून घ्या, सबस्क्रिप्शन बंद केलं तरी जुना सगळा डेटा एक्सेलमध्ये मिळाला पाहिजे. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ते नव्हतं आणि विचारल्यावर सेल्सवाला नुसता हसला. आता ९ सीएनसी आणि ट्रॉब सिस्टमला लागलेत, कंपनीचं ते लॉक केलेलं ऑप्शन न घेता व्हीएमसीला पण सीटीच लावणार आहोत. प्लॅनिंग अजून व्हाइटबोर्ड आणि व्हॉट्सॲपवर, टॅली वेगळंच, एकच बॅच दोन ठिकाणी टाइप होते. ते जोडायचं कोटेशन आलंय आणि शेठनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.