खोऱ्यातून खाली उतरताना: पाण्याचे नमुने, पहाट आणि दगडाखालचे किडे

नदीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की बोलणं त्या एका नदीवरच घसरतं, आणि इथे सांगतोय ते कुठल्याही मध्यम आकाराच्या खोऱ्यात लागू पडेल. उगमाकडच्या ओढ्यांपासून निघायचं, भरतीचं पाणी आत शिरतं तिथवर उतरत जायचं, वाटेत पाणी तपासायचं आणि त्यात राहणारे जीव बघायचे, असा बेत होता. गटात एक रसायनवाली, एक कीटकवाला, एक माशांचा जाणकार आणि वह्या सांभाळायला मी.

निघण्याआधी नकाशावर ओढ्यांना श्रेणी देऊन टाका. ज्याला वरून कुणी येऊन मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. दोन पहिले मिळाले की दुसरी श्रेणी, दोन दुसरे मिळाले की तिसरी. पहिला दुसऱ्याला मिळाला तर मात्र श्रेणी वाढत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण त्यामुळे चिमुकल्या ओढ्याची तुलना रुंद नदीशी करून भलतेच निष्कर्ष काढले जात नाहीत. ठिकाणं निवडताना प्रत्येक मोठ्या संगमाला तीन जागा धरा: मुख्य नदी संगमाच्या वर, उपनदी तिच्या मुखाच्या थोडी वर, आणि संगमाच्या बरंच खाली. ‘बरंच’ म्हणजे किती, ते नदीच सांगते. दोन पाणी एकमेकांना खेटून, न मिसळता लांबवर वाहत राहतात. विद्युतवाहकतेचा मीटर घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत आडवं चालत जा. आकडा सगळीकडे सारखा आला की पाणी मिसळलं असं समजा. आम्हाला एका संगमाखाली ही जागा अपेक्षेपेक्षा फारच पुढे सापडली. त्या दिवसाचं वेळापत्रक कोलमडलं, पण नमुना खरा मिळाला.

वरच्या ओढ्यांवर काम करायला मजा येते. काठची झाडं पाण्यावर वाकलेली, ऊन कमी, पात्रात पानांचा खच. इथलं अन्न पाण्यात फारसं तयार होत नाही, ते वरून पडतं. त्यामुळे पानं कुरतडणारे किडे इथे जास्त. खाली पात्र रुंदावून ऊन तळापर्यंत पोचलं की दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारे वाढतात, आणि आणखी खाली पाण्यातून वाहत येणारा बारीक चुरा गाळून खाणारे. उगमापासून मुखापर्यंतचा हा क्रम १९८० साली ‘नदी-सातत्य’ संकल्पना म्हणून मांडला गेला. प्रत्येक नदी तो इमानाने पाळते असं नाही. मध्ये एखादा बंधारा आला की साखळी तुटते.

किडे पकडायची रीत सोपी आहे. खळाळाच्या जागी जाळी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून तळाशी टेकवा, जाळीच्या वरच्या बाजूला उभं राहून पायाने दगड-गोटे ढवळा, सुटलेलं सगळं वाहत जाळीत येतं. नेहमी खालून वर सरका, नाहीतर तुम्हीच गढूळ केलेल्या पाण्यात नमुना घेत बसाल. किती वेळ ढवळायचं ते आधी ठरवा आणि सगळीकडे तेवढंच ढवळा. पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की निवडणं सोपं जातं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय हे पिल्लं पाण्यात वाढणारे तीन कीटकगट ओळखायला शिका. मेफ्लायच्या पिल्लाला बहुधा तीन शेपट्या, पोटाच्या कडेला हलणारे कल्ले, आणि प्रत्येक पायाला एक नखी. स्टोनफ्लायला शेपट्या दोन आणि नख्याही दोन. कॅडिसफ्लायची अळी वाळूचं किंवा काड्यांचं घर करून राहते, निदान बऱ्याच जातींची. या तिघांचे प्रकार जितके जास्त, तितकं पाणी बरं. स्टोनफ्लाय सगळ्यांत नाजूक, तिला थंड आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. बाटलीतला नमुना त्या घटकेपुरता बोलतो. हे किडे मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहिलेले असतात, मधे एका रात्री कुणी काही सोडलं असेल तर त्यांच्या गैरहजेरीवरून कळतं.

आता मधला टप्पा, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. दोन्ही काठांना शेती, पाणी संथ, तळाला हिरवं शेवाळ लांब केसांसारखं पसरलेलं. भर दुपारी पोचलो. विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा सगळ्या प्रवासातला सर्वांत उत्तम. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त लिटरला ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मुरतो, आणि मीटर त्याच्या कितीतरी पुढे गेलेला. ट्रेमध्ये मात्र स्टोनफ्लाय नाही, मेफ्लाय जेमतेम, बाकी गोगलगाई आणि जळवा. आकडा एक म्हणतोय, किडे दुसरंच.

म्हणून तिथेच मुक्काम केला आणि पहाटे, उजाडायच्या आत, पुन्हा पाण्याशी गेलो. मीटर दुपारच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडमिट करत होते. शेतातून वाहून आलेल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं, दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि त्याचा कुजणारा भाग ऑक्सिजन खातो. नीचांक सूर्योदयाच्या आधी येतो. नदीतल्या जिवाला दिवसाची सरासरी उपयोगाची नसते, त्याला तो नीचांक काढायचा असतो. कार्यालयीन वेळेत घेतलेल्या नमुन्यांचे तक्ते मी तेव्हापासून जरा संशयानेच वाचतो. दुपारही निर्धोक नसते म्हणा. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू (pH) चढतो, आणि अमोनिया असेल तर त्याचा विषारी भाग वाढतो: २५ अंशांना सामू ८ असताना एकूण अमोनियाच्या सुमारे ५ टक्के, ९ झाला की ३५ टक्क्यांच्या वर. तेव्हा एका ठिकाणी दोनदाच जाता येत असेल तर पहाट आणि दुपार निवडा. वेळ वहीत लिहा, तापमान लिहा. वेळ न लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा मी तरी धरत नाही.

पुढे शहराचा नाला मिळतो. सगळ्यांचे कॅमेरे नाल्याच्या तोंडाशी निघतात, पण ऑक्सिजनची सर्वांत वाईट जागा तिथे नसते. जिवाणू सांडपाणी खायला लागतात, ऑक्सिजन उतरत जातो, खाली कुठेतरी तळ गाठतो आणि मग हवेतून भरत सावरतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ साली हे गणितात बसवलं. तळ किती अंतरावर हे वेगावर, खोलीवर, तापमानावर ठरतं, म्हणून नाल्याखाली एकच जागा ठेवू नका, ओळीने घ्या. आमच्या ट्रेमध्ये इथे जवळपास फक्त लाल अळ्या आणि गाळात डोकं खुपसून शेपटी हलवणारे ट्युबिफेक्स नावाचे बारीक कृमी. त्या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनमध्ये तग धरायला. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, जिथे पाणी फेसाळत आपटतं, तिथे मात्र नमुना नको. तिथला ऑक्सिजन बंधाऱ्याचा असतो.

सामानाचं थोडक्यात. मीटर रोज सकाळी प्रमाणित करा. ऑक्सिजनच्या मीटरला उंचीही सांगावी लागते, दर १००० मीटरला संपृक्तीचा, म्हणजे हवेतून जास्तीत जास्त मुरू शकणाऱ्या ऑक्सिजनचा आकडा साधारण दहाव्या हिश्श्याने उतरतो. रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची विंकलरची १८८८ची पद्धत जुनी असली तरी सोबत असू द्या, मीटर रुसला की तीच कामी येते. बाटली बुडबुडा न राहता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड जागेवरच घालायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, वर थोडी हवा ठेवून, बर्फात, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत. म्हणजे प्रयोगशाळा किती तासांवर आहे यावर मुक्काम ठरवा. गुडघ्यापर्यंतचे बूट हवेतच, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. खासगी शेतातून जायचं असेल तर आधी विचारा. मासे धरणारी माणसं भेटली तर घाई न करता बसा. कुठल्या महिन्यात मासे मरून वर येतात हे कुठल्याच मीटरला माहीत नसतं.

आणि प्रवाह मोजल्याशिवाय परतू नका. लिटरला १ मिलिग्रॅम हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण सेकंदाला १ घनमीटर पाणी वाहत असेल तर तो दिवसाला ८६.४ किलो होतो. यंत्र नसेल तर अर्धवट बुडणारं काहीही सोडून ठरलेलं अंतर किती वेळात कापतं ते बघा, आलेला वेग ०.८५ ने गुणा आणि पात्राच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाशी पुन्हा गुणा. अंदाजच, पण नसण्यापेक्षा खूप बरा.

मुखाकडे भरतीचं वेळापत्रक बघून जा. ओहोटीच्या शेवटी घेतलेलं पाणी नदीचं, भरतीच्या शेवटी घेतलेलं बरंचसं समुद्राचं. खारं पाणी जड, तळाशी सरकतं, म्हणून वरचा आणि तळाचा असे दोन नमुने घ्या. विंकलरला क्षारतेची दुरुस्ती लागत नाही, ऑक्सिजनच्या मीटरला मात्र लागते. बूट आणि जाळ्या मात्र प्रत्येक टप्प्यानंतर घासून, पूर्ण वाळवून मगच पुढच्या पाण्यात न्या. परक्या वनस्पती, गोगलगाई, बेडकांची बुरशी हे सगळं ओल्या जाळीतून एका ओढ्यातून दुसऱ्यात जातं. एवढ्यासाठी जाळ्यांचे दोन संच बाळगणं परवडतं.