मिनेर्व: दोन नद्यांच्या मधलं तहानेनं पडलेलं गाव

दक्षिण फ्रान्सला जाणारे बहुतेक जण कार्कासोनची दुहेरी तटबंदी बघून पुढे निघतात. तिथे जात असाल तर एक दिवस वाढवा आणि मिनेर्व बघा. कार्कासोनचे बुरुज देखणे आहेत, पण एकोणिसाव्या शतकात त्यांची मोठी डागडुजी झाली. तेराव्या शतकात या मुलखात लोकांवर काय गुजरलं, ते मला मिनेर्वच्या खडकावर उभं राहिल्यावर कळलं.

गाव एरो जिल्ह्यात आहे. सेस आणि ब्रियां या दोन नद्यांनी चुनखडीचा दगड कापत खोल घळी केल्या आहेत आणि त्यांच्या संगमावर जिभेसारखा पुढे आलेला खडक आहे, त्यावर ही जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीची घरं. तिन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे. फक्त उत्तरेकडून एक अरुंद पट्टी पठाराला जोडलेली, आणि ती अडवायला तिथेच किल्ला होता. आज त्या किल्ल्याचा एक उंच, अष्टकोनी बुरुजाचा तुकडा तेवढा शिल्लक आहे. त्याला 'कांदेला' म्हणतात. गडकिल्ले फिरणाऱ्या माणसाला वाटेल, ही जागा कोण घेणार? पण त्याच माणसाची नजर मग पाण्याची टाकी शोधू लागते, आणि इथे वर टाकं दिसत नाही. १२१० साली धर्मयुद्धाच्या सैन्याचा वेढा पडला तेव्हा गावाची भिस्त होती ती खाली, तटाच्या पायथ्याशी असलेल्या सेंत-रुस्तीक नावाच्या विहिरीवर. तिच्याकडे जायला तटाच्या आडोशानं झाकलेली वाट होती. मिनेर्वचा सगळा इतिहास या विहिरीपाशी येऊन थांबतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कातार हा या मुलखातला एक पंथ. हे लोक ख्रिस्तीच, पण चर्चच्या लेखी पाखंडी. दृश्य जग हे वाईट तत्त्वाची निर्मिती आहे असं ते मानत. त्यांच्यातले दीक्षा घेतलेले स्त्री-पुरुष मांस वर्ज्य करत, शपथ घेत नसत, ब्रह्मचर्य पाळत. १२०८ साली पोपच्या दूताचा खून झाला आणि तिसऱ्या इनोसंट पोपनं या प्रदेशावर धर्मयुद्ध पुकारलं. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहरात कत्तल झाली, पाठोपाठ कार्कासोन पडलं. आसपासच्या कातारांनी मिनेर्वचा आसरा घेतला. नार्बोनच्या नागरिकांचं मिनेर्वशी जुनं वैर होतं. १२१० च्या उन्हाळ्यात धर्मयुद्धाचा सेनानी सिमों द मोंफोर याला मिनेर्व घेण्याची गळ त्यांनीच घातली. म्हणजे धर्माच्या नावाखाली शेजाऱ्यांचे हिशेबही चुकते होत होते.

सिमोंनं गावावर चढाई केलीच नाही. घळीपलीकडच्या कड्यांवर त्यानं दगडफेकी यंत्रं उभी केली. त्यातलं सर्वांत मोठं 'मालव्वाझीन', म्हणजे वाईट शेजारीण. ते चालवणाऱ्यांवर दिवसाला २१ लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) खर्च होत, असं सिमोंच्याच बाजूच्या बखरकारानं, पिएर दे व्हो-द-सेर्ने यानं लिहिलं आहे. एका रात्री गावातले काही जण खाली उतरले आणि चरबी, सुकं लाकूड, ताग भरलेल्या टोपल्या लावून त्यांनी हे यंत्र पेटवलं. पण यंत्रावरचा एक माणूस त्याच वेळी शौचाला उठला होता. त्यानं आरडाओरडा केला आणि आग विझवली गेली. आज समोरच्या कड्यावर त्या यंत्राची लाकडी प्रतिकृती उभी आहे. तिथून गावाकडे बघा. अंतर इतकं कमी आहे की पोटात कालवतं. विहिरीची वाट उद्ध्वस्त झाली, जुलैच्या उन्हात नद्या कोरड्या पडल्या आणि गाव तहानेनं शरण आलं.

गावाचा स्वामी गिल्येम बोलणी करायला बाहेर आला. निर्णय पोपचा दूत आर्नो आमालरिक याच्याकडे गेला. त्यानं कातारांना पर्याय दिला: मत सोडा आणि जगा. हे ऐकून एक सरदार बिथरला, की जिवाच्या भीतीनं हे लोक खोटंच मत बदलतील आणि सुटतील. त्यावर आमालरिकचं उत्तर असं होतं की काळजी करू नकोस, फार थोडे बदलतील. ते खरं ठरलं. १४० च्या वर स्त्री-पुरुष आगीत गेले. त्यांना ढकलावं लागलं नाही, ते स्वतःहून गेले, हे त्यांचा द्वेष करणाऱ्या बखरकारानंच नोंदवलंय, म्हणून त्यावर माझा विश्वास बसतो. तीन स्त्रियांना एका सरदाराच्या आईनं समजावून वाचवलं.

गावातली एक गल्ली या हुतात्म्यांच्या नावानं आहे. सेंत-एतिएन चर्चजवळ शिल्पकार झां-ल्युक सेवेराक यानं घडवलेली एक शिळा आहे. दगडात कबुतराचा आकार आरपार कोरलाय. पक्षी नाही, त्याची फक्त पोकळी. स्मारक कसं असावं याचा हा मी पाहिलेला उत्तम नमुना. चर्च साधं, रोमानेस्क शैलीचं आहे. आत पाचव्या शतकातली संगमरवरी वेदी आहे, नार्बोनचा बिशप रुस्तीक याच्या नावाचा लेख कोरलेली. दार उघडं मिळेलच असं नाही, म्हणून आल्याबरोबर आधी तिकडे डोकवा.

आता जाणाऱ्यांसाठी. गावाला रेल्वे नाही. नार्बोन किंवा कार्कासोनपर्यंत ट्रेननं यावं आणि तिथून भाड्याची गाडी घ्यावी, दोन्हीकडून तासाभराच्या आत पोचता येतं. शेवटचा टप्पा ओलोंझाकवरून द्राक्षमळ्यांतून जातो. मंगळवारी आलात तर ओलोंझाकचा आठवडी बाजार गाठा. ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज आणि ताजा ब्रेड घेतलात की शाकाहारी माणसाच्या दुपारच्या जेवणाची सोय झाली. उपाहारगृहात जेवायचं ठरवलंत तर दोनच्या आत बसा, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. हिवाळ्यात तर गावातलं जवळजवळ सगळंच बंद असतं. गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावावी लागते, हंगामात त्याचे पैसे पडतात.

वर फिरण्याआधी खाली उतरा, असं मी आग्रहानं सांगेन. उन्हाळ्यात सेसचं पात्र कोरडं असतं आणि नदीनं डोंगर पोखरून केलेल्या दोन प्रचंड नैसर्गिक बोगद्यांतून चालत जाता येतं. मोठा बोगदा दोनशे मीटरच्या वर लांब आहे. पायाखाली गोटे आहेत, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पात्रातून वर पाहिलं की कडा किती अवघड आहे आणि विहीर किती उघडी पडली असेल, हे दोन्ही एकदम लक्षात येतं. मात्र शरद ऋतूत इकडे अचानक धो-धो पाऊस कोसळतो आणि कोरड्या नद्या काही तासांत फुगतात. पावसाचा इशारा असेल तर पात्रात पाऊलही टाकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर या आणि पाणी भरपूर बरोबर ठेवा. मे-जून सर्वांत चांगले.

गावात 'उरेपेल' नावाचं छोटं संग्रहालय आहे. मातीच्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून धर्मयुद्धाची गोष्ट तिथे सांगितली आहे. बरोबर मुलं असतील तर चुकवू नका, मोठ्यांनाही घटनांचा क्रम नीट लागतो. परतताना कार्कासोनच्या वाटेवर रिओ-मिनेर्व्हुआ गावी थांबा. तिथलं बाराव्या शतकातलं सेंत-मारी चर्च गोलाकार आहे, मधला गाभा सात खांबांवर उभा आहे आणि त्यांच्या शिरोभागांवरचं काही कोरीवकाम 'काबेस्तानीचा उस्ताद' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनामिक शिल्पकाराचं मानतात. तिथे अर्धा तास पुरतो.